पंधरा मिनिटांचं जागरण

आषाढी एकादशीला देव झोपतात ते थेट कार्तिकी एकादशीला उठतात. मधे भाद्रपदात एकदा कूस बदलतात, तर त्या कूस बदलण्याची म्हणून वेगळी एकादशी आहे, परिवर्तिनी, आणि त्या दिवशी भाविक रीतसर साबुदाण्याची खिचडी खातात. मी कूस बदलली की आमचा लग्नातला पलंग करकरतो, पलीकडून "आता काय झालं?" असा प्रश्न येतो, काहीही झालेलं नाही हे मी सविस्तर पटवून देतो, तेवढ्यात हिची झोप पुरती मोडते, माझीही मोडते, आणि सकाळच्या चहाबरोबर मला रात्रभराच्या करकरीचा हिशेब मिळतो. शेषाची शय्या करकरत नसावी.

तुम्हाला म्हणून सांगतो, एके काळी झोप हा माझा हातखंडा विषय होता. अभ्यासात मी बेताचा, खेळात कायम राखीव, गाण्यात तर मी तोंड उघडलं की मास्तर पेटी मिटायचे. पण झोपेत आख्ख्या चाळीत माझा हात धरणारा कुणी नव्हता. गिरगावातल्या आमच्या चाळीच्या गॅलरीत रात्री वळकट्या उलगडून आम्ही पोरं ओळीनं आडवी व्हायचो. पहाटे चारला नळाला पाणी यायचं, मग बादल्या, कळश्या, "नंबर माझा होता"ची भांडणं, दुधाच्या बाटल्या, शेजारच्या काकांचं खड्या आवाजातलं स्तोत्र, आणि गॅलरीच्या टोकाला निघालेला प्रत्येक माणूस हातात डबा घेऊन मला ओलांडून जायचा, त्यातला एखादा डबा हिंदकळायचासुद्धा. मी उठायचो नाही. गणपतीत मंडळाचा लाउडस्पीकर बरोबर आमच्या गॅलरीखाली लागायचा. आई म्हणायची, "ह्याला उचलून मूर्तीशेजारी ट्रकवर ठेवलं, तर चौपाटीवर विसर्जन बघून परत येईल, पण डोळा उघडायचा नाही." असल्या माणसाचं लग्न झालं, डोंबिवलीला वन रूम किचनची जागा झाली, लोकलचा पास झाला, सगळं वेळच्या वेळी झालं.

मग मुलगा झाला.

ही बाळंतपणाहून परत येणार म्हणून मी आधीच एक जाडजूड पुस्तक आणून वाचायला घेतलं होतं. नवजात मूल दिवसाचे 14 ते 17 तास झोपतं, असं त्यात स्वच्छ छापलेलं होतं. मी लगेच वहीत वजाबाकी मांडली. उरले फार तर दहा तास. त्यातले काही हिचे, काही सासूबाईंचे, बाकीच्यात मी ऑफिसात. मूल वाढवणं म्हणजे लोक उगाच बाऊ करतात, असं मी हिला पत्रानं कळवलंही. पुढचं पान मात्र वाचायचं राहिलं, कारण तिथे मला झोप लागली. पुढच्या पानावर असं होतं, की हे तास सलग नसतात. बाळाचं पोट इवलंसं, ते दर दोन-तीन तासांनी रिकामं होतं, आणि दिवस कुठला नि रात्र कुठली हे सांगणारं शरीरातलं घड्याळ पहिले दोन-तीन महिने लागलेलंच नसतं. आमच्या चिरंजीवांचं लागलेलं होतं, फक्त ते न्यूयॉर्कच्या वेळेवर होतं. पुढे अमेरिकन कंपनीत त्याला त्याचा फार उपयोग झाला.

बाळ झोपेत हसलं की सासूबाई म्हणायच्या, "सटवाई हसवतेय." ओठ काढले की, "आता रडवतेय." मी पाळण्यावर वाकून बघत राहायचो. मिटल्या पापण्यांखाली बुबुळं सरसर फिरायची, भुवया वर चढायच्या, मधेच एका पायाला हिसका बसायचा. बऱ्याच वर्षांनी वाचनात आलं, की शिकागोत यूजीन अ‍ॅसेरिन्स्की नावाच्या संशोधकानं असंच आपल्या आठ वर्षांच्या मुलाला, आर्मंडला, मेंदूच्या लहरी टिपणारं यंत्र लावलं, झोपेत त्याच्या डोळ्यांवर पाळत ठेवली, आणि डोळे भराभर फिरतात ती झोप, जिच्यात आपल्याला ठसठशीत स्वप्नं पडतात, ती वेगळीच असते हे उजेडात आलं. त्यानं आणि त्याचे गुरू नॅथॅनिएल क्लाइटमन यांनी 1953 साली तो शोध प्रसिद्ध केला. तान्ह्या बाळाची जवळजवळ निम्मी झोप याच जातीची असते म्हणे. आता बघा, तोही बाप, मीही बाप. त्याच्याही मुलाचे डोळे फिरत होते, माझ्याही. त्याचं नाव पाठ्यपुस्तकात गेलं आणि माझी मान लचकली.

पाळणा थांबला की बाळ रडायचं. दोरी हातात धरून झोका द्यावा, तर डोळा लागला की हात सैल पडायचा. म्हणून मी दोरी उजव्या पायाच्या अंगठ्याला बांधली. युक्ती माझी नव्हे. पूर्वी बायका अशीच अंगठ्यात दोरी अडकवून तांदूळ निवडत बसायच्या. फरक इतकाच, की त्या जाग्या असायच्या. सुरुवातीचे झोके झकास गेले, मी घोरू लागलो तरी पाय इमानानं हलत राहिला, आणि हिनं झोपेतच कौतुकानं "हं" केलं. मध्यरात्री केव्हातरी मी मोरीकडे जायला उठलो. आपण बांधलेले आहोत हे अंगठ्याला माहीत होतं, मला नव्हतं. मी दाराच्या दिशेनं निघालो, पाळणा माझ्या दिशेनं निघाला, दोरी ताणली तसा मी स्टुलावर, स्टुलावरचं तांब्या-भांडं माझ्यावर, ग्राइप वॉटरची बाटली पलंगाखाली, दोरीवर वाळत घातलेली दुपटी माझ्या डोक्यावर, आणि पाळणा खिडकीच्या गजांपर्यंत जाऊन झपकन परत. ही किंचाळून उठली, सासूबाईंनी रामरक्षा सुरू केली, शेजाऱ्यांनी भिंतीवर ठोकलं. बाळ खदखदून हसलं. त्याला तो वेग इतका पसंत पडला, की त्याहून हळू झोक्यावर झोपायला त्यानं साफ नकार दिला.

अंगाई म्हणावी, तर मला एकही शेवटपर्यंत येत नव्हती. शेवटपर्यंत आणि चालीत येत होते ते फक्त पाढे. चाळीत दिवेलागणीला परवचा म्हणायची पद्धत होती, आणि उभं राहून पेंगत म्हटलेले ते पाढे माझ्या हाडात मुरले होते. मी बेपासून धरलं. बाराला बाळानं जांभई दिली, सतराला मान टाकली, एकोणिसाच्या मध्यावर गाढ. मला काय आनंद झाला! दोन-अडीच वर्षं मी त्याला पाढ्यांवर झोपवलं. त्याचं फळ दुसरीत मिळालं. शाळेतून चिठ्ठी आली, की वर्गात पाढे सुरू झाले रे झाले की पाल्य बाकावर डोकं ठेवून झोपी जातो, घरी त्याची झोप पुरी होते ना, याकडे पालकांनी लक्ष द्यावं.

या सगळ्या काळात ऑफिसात मी जागरणाचा हुतात्मा म्हणून प्रसिद्ध होतो. तारवटलेल्या डोळ्यांनी मी रात्रीची हकिगत सांगायचो, टेबलाभोवती चहा यायचा, मोठे साहेब मागून खांद्यावर हात ठेवून "होतं, होतं" म्हणायचे, आणि माझ्या फायली शेजारच्या टेबलावर जायच्या. मूळ हकिगत "ही उठली, मी विचारलं काय झालं, पुन्हा झोपलो" एवढीच असायची. पण व्हीटीला पोचेपर्यंत तिच्यात भर पडत जाई.

संध्याकाळी कसारा फास्टमध्ये मला चौथी सीट मिळायची. चौथ्या सीटवर अर्धा माणूस बाकावर असतो आणि अर्धा दैवावर हवाला ठेवून असतो. त्या अर्ध्यानंही मला भायखळ्यापर्यंत झोप लागायची, आणि डोंबिवली आली की आमच्या ग्रुपची मंडळी बखोट धरून उठवायची. एकदा ती सगळी कुणाच्या तरी हळदीला गेली. कल्याण, शहाड, आंबिवली अशी एकेक गेली, आणि मला जाग आली ती टिटवाळ्याला. आता घरी सांगायचं काय? मी स्टेशनबाहेरून पेढ्यांचा पुडा घेतला, कपाळाला कुंकू लावून घेतलं, आणि घरात शिरता शिरता गंभीरपणे म्हणालो, "गणपतीला जाऊन आलो. बाळाला रात्रीची झोप लागू दे म्हटलं."

हिनं नुसतं माझ्या गालावरच्या चौथ्या सीटच्या वळाकडे बघितलं. सासूबाईंनी मात्र डोळ्यांना पदर लावला. म्हणाल्या, "टिटवाळ्याचा गणपती लग्नं जमवतो एवढंच ऐकून होते. पण देव तो देवच! किती अंगारक्या बोललात?"

मी एकही बोललो नव्हतो. त्यांनी अकरा ठरवल्या. अंगारकीला टिटवाळ्याला कशी गर्दी उसळते ते ज्यांनी पाहिलंय त्यांना सांगायला नको. मध्यरात्री उठायचं, गार पाण्यानं अंघोळ करायची, मिळेल ती गाडी पकडायची आणि पहाटे रांगेत पेंगत उभं राहायचं. मुलाला झोप लागावी म्हणून बाप रात्री दोनला घराबाहेर. आणि ही सांगायची, की नेमका त्याच रात्री मुलगा सकाळपर्यंत गाढ झोपायचा.

मुलगा मोठा होत गेला तशी झोप कमी व्हायला हवी, ती उलट सरकली. दहावीच्या वर्षी पहाटे चारला उठून अभ्यास करायचा असं आमचं ठरलं. आमचं म्हणजे माझं. मी गजर लावायचो, आलं ठेचून चहा करायचो, त्याला खुर्चीवर आणून बसवायचो, पुढ्यात भूगोल उघडून द्यायचो. कपातला चहा निवायच्या आत त्याचं कपाळ दख्खनच्या पठारावर टेकलेलं असायचं. त्याला एकटं सोडून जाणं बरं दिसेना, म्हणून मी समोर बसून पुस्तक वाचायचो. मृदेचे प्रकार, मोसमी वारे, कापसाची काळी जमीन, सगळं मला तोंडपाठ झालं. त्या मार्चमध्ये भूगोलाचा पेपर मी दिला असता, तर बोर्डात आलो असतो. या वयात झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे मुलं उशिरा झोपतात नि उशिरा उठतात, तो सगळाच आळस नसतो, हे मला फार पुढे कळलं. तोवर "सूर्य डोक्यावर आला" हे वाक्य मी घरात इतक्या वेळा वापरलं होतं, की आमचा पोपट असता तर त्यानंही उचललं असतं.

यथावकाश त्याचं लग्न झालं, सूनबाईला दिवस गेले, आणि एका रविवारी जेवताना मी तिला अंगठ्याची आणि पाळण्याची गोष्ट पुन्हा रंगवून सांगत होतो. पहिल्या वर्षात आपण झोप कशी पाहिलीच नाही, इथपर्यंत आलो, तेव्हा ती मोबाइलमधून डोकं वर काढून म्हणाली, "बाबा, यावर खरंच अभ्यास झालाय." जर्मनीतल्या साडेचार हजारांहून जास्त आईबापांच्या झोपेची वर्षानुवर्षांची माहिती तपासून 2019 साली तो प्रसिद्ध झालेला. पहिल्या तीन महिन्यांत आईची झोप रोज सरासरी एक तासानं घटते, आणि मूल सहा वर्षांचं झालं तरी दोघांचीही झोप पूर्वीसारखी होत नाही. "बघ!" मी विजयी मुद्रेनं हिला म्हणालो. "आणि बापाची किती घटते?"

"साधारण पंधरा मिनिटं," सूनबाई म्हणाली.

ही आमटी वाढत होती. पळी वाटीवर तशीच धरून म्हणाली, "पंधरा? जर्मन माणसं कष्टाळू हो."

आता मी सत्तरीला टेकलोय. कुणाला दूध पाजायचं नाही, कुणाचा भूगोल घ्यायचा नाही, साडेसातची लोकल पकडायची नाही. हवं तितकं झोपावं. रात्री साडेआठची मालिका लागते, तिच्या शीर्षकगीतातच माझे डोळे मिटतात, ही म्हणते "आत जाऊन पडा", मी म्हणतो "जागाच आहे" आणि पुरावा म्हणून कथानक सांगतो, जे गेल्या महिन्यातलं असतं. दहाला आत जाऊन पडलो की टक्क जागा. मग बाराला बाथरूम, दोनला बाथरूम, आणि साडेतीनला उजाडलं अशी शरीराची ठाम समजूत.

डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, वय वाढतं तशी गाढ झोप कमी होत जाते, शरीराचं घड्याळ पुढे सरकतं, म्हणून लवकर पेंग आणि लवकर जाग. "म्हणजे मला झोप कमी लागते," मी म्हणालो. तर तसंही नाही. पासष्टीनंतरही माणसाला 7 ते 8 तास हवेतच. म्हाताऱ्यांना झोप कमी लागते हे आपलं घरगुती शास्त्र. लागते तेवढीच, येत नाही. उपाय म्हणून त्यांनी संध्याकाळचा चहा बंद केला, उतरत्या उन्हात फिरायला सांगितलं आणि दुपारची झोप अर्ध्या तासावर आणली. अर्धा तास! माझी सासुरवाडी सदाशिव पेठेतली. एक ते चार या वेळेत तिथे दारावरची बेल दाबणाऱ्याचं काय होतं, हे मी जावई असून अनुभवलंय. त्या घराण्याशी सोयरीक करून मी दुपारी अर्धा तास झोपू?

मुलानं वाढदिवसाला घड्याळ आणून दिलं. ते मनगटावर बांधून झोपलं की सकाळी झोपेला गुण देतं. पहिल्या दिवशी त्रेपन्न मिळाले. दहावीला गणितात एवढेच होते. मग गुण वाढावेत म्हणून मी रात्रभर न हलता पडून राहिलो, आपण झोपलो की नाही हे दर थोड्या वेळानं मनगट वर करून तपासत राहिलो, आणि एकेचाळीसवर आलो. आठवड्यातली सर्वांत गाढ, सलग, निर्वेध झोप घड्याळानं रविवारी सकाळी अकरा ते बारामध्ये नोंदवली होती. त्या वेळेत आमच्या सोसायटीची वार्षिक सभा चालू होती. अध्यक्षस्थानी मी होतो. लिफ्टचा खर्च माझ्या मान हलवण्यावर मंजूर झाल्याचं इतिवृत्तात आहे.

त्या क्लाइटमनसाहेबांनी 1938 साली केंटकीतल्या मॅमथ गुहेत, सूर्यप्रकाशापासून दूर, 32 दिवस राहून 28 तासांचा दिवस जमतो का ते करून पाहिलं होतं. सोबतचा तरुण सहकारी त्या दिवसाला रुळला. 43 वर्षांचे साहेब काही केल्या रुळले नाहीत. शास्त्राच्या इतिहासात मला प्रथमच कुणीतरी बरोबरीचं भेटलं. मीही धाकट्या खोलीच्या खिडकीला गोधडी ठोकली, घड्याळ कपाटात कोंडलं आणि पहाटेच्या उजेडाची वाट बंद करून झोपलो. जाग आली. अंग हलकं, डोकं ताजं, वा! मी अंघोळ केली, देवांना आंघोळ घातली, निरांजन लावलं आणि घंटा हातात घेऊन खड्या आवाजात आरती म्हटली. दार वाजलं. बाहेर जिन्यात शेजारीपाजारी, एकाच्या हातात बॅटरी, एकीच्या हातात झोपलेलं मूल, आणि सगळ्यांच्या तोंडावर कोण गेलं असा भाव.

रात्रीचा दीड वाजला होता.

मार्चमध्ये नात झाली. सूनबाईनं फ्रिजवर वेळापत्रक लावलं, पावसाच्या आवाजाचं यंत्र आणलं, बाळाला अमुक पद्धतीनंच गुंडाळायचं म्हणून तिचा दंडक. ही आपली वेखंड, ओव्याची धुरी आणि मऊ जुन्या पातळाची दुपटी घेऊन शेजारी उभी. दोघींच्या मताला न जुमानता नात पहाटे तीनला टक्क जागी. दिवसा मात्र ती आणि मी, दोघंही दिसेल तिथे पेंगतो. मुलगा अमेरिकेच्या वेळेनं काम करून रात्री दोनला झोपतो, म्हणून घरात बैठक झाली आणि तीन ते पाचची पाळी एकमतानं माझ्याकडे आली. "जागेच असता," ही म्हणाली. "पंधरा मिनिटांची बाकीही फिटेल."

काल पहाटे ती मांडीवर आली, मुठी वळलेल्या, डोळे टपोरे, कपाळावर एक आठी. पावसाचं यंत्र लावलं तर मलाच बाथरूमला जावंसं वाटू लागलं, म्हणून बंद केलं. म्हटलं आपलं खात्रीचं औषध काढावं. बेपासून धरलं, चांगला खडा आवाज लावला, बारा झाले, सतरा झाले, एकोणिसाच्या मध्यावर आलो तरी ही बया डोळे विस्फारून माझ्या मिशीकडे बघतेय. तेवढ्यात आतून सूनबाई केस बांधत बाहेर आली.

"बाबा, पाढे जरा हळू म्हणा," ती म्हणाली. "तुम्ही सतरावर होतात तेव्हा हा दूध गरम करायला उठत होता. एक पाय खाली ठेवला आणि तसाच बसल्या बसल्या घोरतोय."